खडी फोडणाऱ्या हातांना दगडाची ओळख हवी

जळगाव-धुळ्याकडे आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणी विहीर खोदली आहे, कुणी रस्त्यावर खडी पसरली आहे. त्याच काळ्या दगडाच्या पोटातले स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात ठेवलेले असतात. खालच्या चिठ्ठीवर ‘जळगाव’ लिहिलेले असते. ज्याने दगड फोडला, त्याच्या मुलाला मात्र त्या स्फटिकाचे नाव ठाऊक नसते. ही उणीव भरून काढायला पैसा लागत नाही, नजर लागते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक साचले. रस थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत क्षार विरघळलेले पाणी झिरपले व स्फटिक जमले. अजिंठ्याची लेणी याच जातीच्या दगडात कोरलेली आहेत.

शोधायचे कुठे? पहिली जागा नव्या विहिरीच्या काठावरचा ढीग. खोलातला ताजा दगड तिथे आयता वर येतो. दुसरी, खडीच्या खाणीबाहेर टाकलेले दगड. तिसरी, उन्हाळ्यात उघडे पडणारे गिरणेचे वा पांझरेचे पात्र. धुळ्याभोवतीच्या माळावर काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या लांब रांगा दिसतात. जमिनीच्या भेगांत थिजलेला लाव्हा तो हाच, हे मुलांना अवश्य दाखवा.

ओळख घरीच पटते. गारगोटी काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइटच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात. फिकट गुलाबी, पेंढी बांधल्यासारखा दिसतो तो बहुधा स्टिलबाइट. काचेसारखा चमकणारा, पांढरा वा हिरवट, तो बहुधा अपोफिलाइट. सहल निघाली तर सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात नमुने ताडून पाहावेत.

पालकांना आमची कळकळीची विनंती : मुलांना एकटे पाठवू नका. मालकाला विचारल्याशिवाय शेतात वा खाणीत पाऊल टाकू नका. सुरुंगाच्या वेळी दूर राहा, उभ्या कड्याखाली थांबू नका, विहिरीत उतरू नका. लेणी, किल्ले आणि अभयारण्यातला दगड मात्र डोळ्यांनीच पाहायचा. तिथला खडाही उचलायचा नाही.

सापडलेल्या प्रत्येक दगडासोबत गाव, जागा, तारीख आणि खोली लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवाचून दगड मुका असतो. अशा दहा चिठ्ठ्या झाल्या की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडण्याजोगा संग्रह तयार होतो. तेव्हा ते दगड कुणी फोडले, त्या आईबापांचे नावही चिठ्ठीवर लिहायला मुलांना सांगा.