थरथरा, पण तोल सांभाळा!

आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय. पैठणी झाली, टूर झाली, नवा मोबाइलही देऊन झाला. आता काय द्यायचं? नेमकं तेव्हाच नेटवर एक जाहिरात दिसते. वजनकाट्यासारखा दिसणारा एक प्लॅटफॉर्म. रोज दहा मिनिटं त्यावर फक्त उभं राहायचं, मशीन थरथरणार आणि म्हणे स्नायू मजबूत, तोल पक्का, गुडघे झक्कास! वर ईएमआयची सोय. बोट ‘बाय’च्या बटनापाशी जातंच. पण जरा थांबा. या थरथराटामागचा फंडा आधी समजून घ्या.

आयडिया नवी नाही

थरथरवून तब्येत सुधारायची कल्पना चांगलीच जुनी. स्वीडनच्या डॉ. गुस्ताव झांडर यांनी १८६५मध्ये स्टॉकहोमला यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली. आजच्या जिमचे ते पणजोबाच. पुढे अमेरिकेत कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. जॉन हार्वे केलॉग आपल्या आरोग्यधामात पेशंटना थरथरणाऱ्या खुर्च्यांवर बसवायचे. आताची मशीन्स युरोपात साधारण १९९०नंतर आली आणि तिथून जिम आणि फिजिओथेरपी सेंटर्समध्ये पोचली.

आत काय होतं?

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, आठवतंय? गंमत जवळपास तीच आहे. स्नायूंच्या आत ताण ओळखणारे बारीक सेन्सर असतात. प्लॅटफॉर्म सेकंदाला साधारण १२ ते ४५ वेळा हलतो. प्रत्येक हिसक्याला स्नायू किंचित ताणला जातो, सेन्सर मज्जारज्जूला निरोप देतात आणि तिथूनच उलट ऑर्डर येते, ‘आकुंचन पाव!’ मेंदूला विचारायची भानगडच नाही. म्हणजे तुम्ही नुसते उभे दिसता, पण मांड्या आणि पोटऱ्या मात्र कामाला लागलेल्या असतात.

आई-बाबांना याची गरज का?

कारण तिशीनंतर दर दहा वर्षांना सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग आणखी वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात. आधी जिना चढताना कठड्याला हात जातो, मग खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागतो आणि एक दिवस ओल्या बाथरूममध्ये तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं, की धडधाकट माणूसही अंथरुणाला खिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगभरात पडण्यामुळे वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात आणि त्यात साठीपुढचे सगळ्यात जास्त. तेव्हा प्रश्न नुसत्या फिटनेसचा नाही.

मग मशीन चालतं का?

उत्तर ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधलं आहे. हाँगकाँगमध्ये साठीपुढच्या ७१० महिलांवर १८ महिने प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. निम्म्या जणी आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटं अगदी हलक्या थरथराटावर उभ्या राहिल्या. या गटात पडण्याचं किंवा हाड मोडण्याचं प्रमाण १८.६ टक्के होतं. मशीन न वापरणाऱ्यांत ते २८.७ टक्के निघालं. पायांची ताकद आणि तोलही सुधारला. सही ना?

पण हाडं मात्र तिथे घट्ट झाली नाहीत. अमेरिकेत सरासरी ८२ वर्षं वयाच्या १७४ जणांवर दोन वर्षं झालेल्या अभ्यासातही, २०१५मध्ये, हाडांच्या घनतेत फायदा दिसला नाही. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून कुणी मशीन गळ्यात मारत असेल, तर सावध.

बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाचा २००७चा अभ्यासही बघा. साठीपुढचे पुरुष, एक वर्ष. थरथराटवाले आणि जिमवाले, दोघांचीही ताकद वाढली. मात्र यात एक मेख आहे. मशीनवरची मंडळी नुसती उभी नव्हती, त्यावर उठाबशांसारखे व्यायाम करत होती!

थोडक्यात, ज्यांना जिम जमत नाही, फार चालवत नाही, त्यांच्यासाठी ही चांगली सुरुवात ठरू शकते. पण व्यायामाला पर्याय म्हणून नाही. आणि जाहिरातीत अंतराळवीर दिसले तर हेही लक्षात ठेवा: अंतराळ स्थानकावर ते रोज जवळजवळ दोन तास व्यायामाला देतात आणि तोही ट्रेडमिल, सायकल आणि वजनं उचलल्यासारख्या व्यायामाच्या यंत्रावर.

‘बाय’ करण्याआधी

• पेसमेकर, रक्ताची गुठळी, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, बदललेला सांधा, फिट्स, मूतखडा किंवा पित्ताशयातले खडे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनवर पाय ठेवायचा नाही.
• पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. हाताला धरायला दांडी असलेलंच मशीन बघा.
• गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं. पाय ताठ ठेवले तर थरथर थेट डोक्यापर्यंत जाते.
• जास्त वेळ म्हणजे जास्त फायदा, असं मुळीच नाही. वर्षानुवर्षं हादरे खाणाऱ्या ट्रक आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरांची कंबर दुखते, ती उगाच नाही.

फुकटातलं गिफ्ट

व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं २०१९मध्ये १०८ अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं, एवढ्यावर सुरुवात होते. जोडीला बाथरूममध्ये दांडी आणि न घसरणारी मॅट, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा आणि झिजलेल्या स्लिपर्सना रजा.

आणि हो, तुमचं काय? दिवसाचे नऊ तास खुर्चीत आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. त्यावरचा पेपर २०२२मध्ये आला. या रविवारी आई-बाबांकडे जाल तेव्हा चहाआधी सगळ्यांनीच ही टेस्ट करा. त्यांच्या शेजारी उभे राहा, हात धरायला तयार. मशीन घ्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.