आसनाची निष्ठा

शालेय वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला अनेक वेळा आला. एकदा स्पर्धकांत माझीच एक विद्यार्थिनी होती. तिचे गुण लिहिताना हात अडला. आपली म्हणून दोन गुण अधिक पडतील, किंवा लोक बोलतील या भयाने दोन कमी पडतील, असे दोन्ही धोके होते. अखेर मनाला एवढेच विचारले, की हेच भाषण दुसऱ्या शाळेच्या मुलीने केले असते, तर मी किती गुण दिले असते? लोकसभेच्या अध्यक्षाची कसोटी याहून फारशी निराळी नाही. पक्षांची नावे बदलून पाहावीत. निर्णय तोच राहतो काय, हे तपासावे.

या आसनाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांनी काँग्रेस सोडली नाही. मात्र आसनस्थ व्यक्तीने पक्षाच्या दैनंदिन राजकारणापासून दूर राहावे, असा दंडक त्यांनी मानला. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांनाच पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव सभागृहात आला. तेव्हा पंडित नेहरूंनी, हा पक्षाचा प्रश्न नव्हे, आपल्या सदस्यांनी मुक्तपणे मत द्यावे, अशी भूमिका घेतली. प्रस्ताव फेटाळला गेला. पण अध्यक्ष बहुमताची मालमत्ता नाही, हे बहुमताच्या नेत्यानेच सांगितले, हे महत्त्वाचे.

मावळंकरांचाच एक पायंडा पुढे आपल्या इंदूरच्या दारी आला. सभागृहात पक्ष म्हणून मान्यता मिळण्यास एकदशांश सदस्यबळ असावे, असे त्यांनी ठरविले होते. चिपळूणला जन्मलेल्या आणि इंदूरहून आठ वेळा निवडून गेलेल्या श्रीमती सुमित्रा महाजन २०१४ मध्ये अध्यक्षा झाल्या. काँग्रेसचे सदस्य होते ४४. एकदशांश म्हणजे ५५. विरोधी पक्षनेतेपद त्यांनी नाकारले. टीकाकारांनी १९७७ च्या कायद्याकडे बोट दाखविले. त्यात संख्येने सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा उल्लेख आहे, एकदशांशाचा नाही. आता नावे बदलून पाहू. १९८० आणि १९८४ च्या लोकसभांत काँग्रेस सत्तेवर होती आणि विरोधी पक्षनेतेपद रिक्तच होते. म्हणजे पायंडा दोन्ही बाजूंना सारखा लागला. तो पायंडा शहाणपणाचा आहे काय, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे; पण त्याला पक्षपात म्हणण्यापूर्वी हा इतिहास पाहिला पाहिजे.

खरी पेचाची घटना २००८ ची. अणुकरारावरून डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला आणि अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी पद सोडावे, असे त्यांच्या पक्षाने सांगितले. पक्षाचे म्हणणे पोकळ नव्हते. कार्यकर्त्यांच्या कष्टांवर निवडून आलेल्याने पक्षाचा आदेश का मानू नये? चटर्जींनी पद सोडले नाही. २२ जुलैला विश्वासमत २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाले आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकले.

या वादात धर्मनिरपेक्षतेचाही धागा होता. सरकार पाडण्यासाठी भारतीय जनता पक्षाबरोबर मत द्यावे काय, हा प्रश्न डाव्यांपुढे उभा होता. माझ्या मते त्या कारणाने अध्यक्ष राहणे किंवा जाणे, दोन्ही सारखेच पक्षीय ठरले असते. चटर्जींची बाजू बळकट होते ती एका साध्या कारणाने : आसन कोणत्याही पक्षाचे नाही. चांगल्या ध्येयासाठीही तराजूला बोट लावू नये.

धर्मनिरपेक्षतेचा राजकीय अर्थही नेमका हाच आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला. मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्याला हा भेद सहज जाणवेल. दोहोंतील ‘निरपेक्ष’ मात्र समान आहे. श्रद्धा सोडा, असे तो शब्द सांगत नाही. अधिकार वापरताना श्रद्धेचा हिशेब धरू नका, असे सांगतो. येथेही तीच कसोटी : धर्माचे नाव बदलले, तर शासनाचा निर्णय बदलेल काय?

परंतु केवळ सज्जनपणावर व्यवस्था चालत नाही. संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये अध्यक्ष होताच पक्षाचा राजीनामा दिला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानेही अध्यक्षाला पक्ष सोडण्याची मुभा दिली आहे. त्याने सदस्यत्व जात नाही. मुभा आहे, पण आश्वासन नाही. ब्रिटनमध्ये अध्यक्षाच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार उभा करीत नाहीत. आपल्याकडे पुढच्या उमेदवारीसाठी पुन्हा पक्षाकडेच पाहावे लागते. २०१९ मध्ये इंदूरच्या उमेदवारीचा निर्णय लांबला, तेव्हा श्रीमती महाजन यांनी आपण लढणार नाही, असे स्वतःच जाहीर केले, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. ज्याचे तिकीट पक्षाच्या हाती, त्याच्याच हाती पक्षांतराचे निवाडे! महाराष्ट्रातील अपात्रतेच्या याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेच्या अध्यक्षांकडेच सोपविल्या. जानेवारी २०२४ मध्ये निर्णय झाला, पण वाद मिटला नाही. निर्णय योग्य असला, तरी निर्णय देणारा अलिप्त आहे, असे लोकांना वाटावे लागते.

म्हणून अध्यक्षाची जागा बिनविरोध करण्याचा संकेत सर्व पक्षांनी मिळून पाळावा, आणि पक्षांतराचे निवाडे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावेत. तोवर आपल्या हाती ती जुनी कसोटी आहेच. विद्यार्थिमित्रांनो, वर्गप्रमुखाच्या निवडीपासून ती वापरू लागा. आपल्या मित्राच्या चुकीला आपण तेच नाव देतो काय, जे दुसऱ्याच्या चुकीला देतो? ज्याला हे जमले, तो त्या आसनाला पात्र झाला.