नमुन्याची नोट आणि कोकोचे फळ



बियाणे घेताना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखतो. तो नमुना. तो पेरायचा नसतो, त्यावरून माल ओळखायचा असतो. नोटांचेही असे नमुने निघतात. शेतीखात्याच्या माणसाने खत-फवारणी सोडून नोटांच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे तुम्हाला वाटेल. पण ही नोट शेतकऱ्यांच्याच एका देशाची आहे. शिवाय, गेल्या हंगामात तिच्यापायी आमच्या भागातल्या एका घरचे कांद्याचे पैसे जाता जाता राहिले.

कांद्याचे पैसे

एक तरुण शेतकरी मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. त्यावर एका नोटेचा फोटो होता आणि खाली मजकूर : घाना देशाची पहिली नोट, बँकेत देताच लाखो रुपये, आगाऊ पंधरा हजार पाठवा. कांद्याची पट्टी नुकतीच हाती आली होती आणि गडी पैसे पाठवायला निघाला होता.

मी फोटो मोठा करून पाहिला. नोटेवर लाल अक्षरांत ‘स्पेसिमेन’ असे छापले होते. म्हटले, “अरे, हा नमुना आहे. खरा असला तरी कोणतीही बँक याचा पैसासुद्धा देणार नाही.”

पैसे वाचले. पण जाताना त्याने विचारले, “साहेब, मग तुम्ही का जमवता?” त्याचे उत्तर आज सर्वांनाच देतो.

नमुना कशासाठी?

नवी नोट चलनात येण्यापूर्वी ती ओळखता यावी म्हणून बँकांना आणि इतर देशांच्या अधिकाऱ्यांना तिचे नमुने पाठवतात. ते खऱ्या नोटेच्याच कागदावर, त्याच ठशांनी छापलेले असतात. कोणी खर्चू नयेत म्हणून त्यांवर ‘स्पेसिमेन’ असा छाप मारतात. बहुधा क्रमांकाच्या जागी सगळी शून्ये असतात, आणि अनेकदा सहीच्या जागी बारीक छिद्रे पाडतात. काम संपल्यावर अशा नोटा संग्राहकांच्या हाती येतात. त्यांची किंमत हौसेची असते, चलनाची नव्हे.

घानाची पहिली नोट

पश्चिम आफ्रिकेतला घाना हा देश पूर्वी गोल्ड कोस्ट नावाची इंग्रजांची वसाहत होता. तिथे इंग्रजांच्या चार वसाहतींना मिळून एकच चलन होते आणि त्याचा कारभार लंडनहून चाले. 6 मार्च 1957 रोजी देश स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा त्याचे पहिले पंतप्रधान झाले. 1958 साली देशाचे स्वतःचे पौंड आले.

माझ्या वडिलांचे एक चुलतभाऊ साठीच्या दशकात तिकडे शाळेत शिकवायला होते. त्यांनी आणलेली एक पौंडाची नोट आमच्या घरी आहे. घड्यांवर झिजलेली, कापडासारखी मऊ. पुढे पुण्याच्या एका प्रदर्शनात मला त्याच नोटेचा कोरा करकरीत नमुना मिळाला. दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

पुढच्या बाजूला बँक ऑफ घानाची इमारत आणि एक तारा आहे. उलटून पाहा, मागे कोकोच्या फळांचे ढीग! स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या नोटेवर शेतकऱ्याचा माल छापला. मला ही नोट आवडते ती यासाठी.

ढिगामागचे कष्ट

चॉकलेट ज्यापासून होते तो कोको. याची फळे फणसासारखी खोडालाच लागतात. फळ फोडून गरासकट बिया काढतात, केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. हे सारे तिथे छोटे शेतकरीच करतात. टेटे क्वार्शी नावाच्या माणसाने 1879 च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून बी आणून मॅम्पाँग गावी लावले. पुढे घाना कोको पिकवण्यात जगात पहिला झाला.

ही हकिकत ऐकून त्या तरुणाने पहिला प्रश्न केला, “भाव काय मिळायचा?” शेतकऱ्याचाच प्रश्न! भाव सरकारी खरेदी मंडळ ठरवी. 1964-65 च्या हंगामात पाच लाख टनांवर कोको निघाला आणि जगाच्या बाजारात भाव कोसळला. शेतकऱ्याच्या हाती कमी पडू लागले. नवी लागवड मागे पडली, झाडे म्हातारी झाली, माल चोरून शेजारच्या देशांत जाऊ लागला. 1983 च्या दुष्काळात बागांना वणवे लागले. 1983-84 मध्ये उत्पादन जेमतेम एक लाख साठ हजार टन उरले. पुढे भाव सुधारले, तशी बागाही सावरली.

कवडी

1965 मध्ये पौंड जाऊन ‘सेडी’ आले. तिकडच्या अकान भाषेत ‘सेडी’ म्हणजे कवडी! मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत जात आणि तिथे नाणे म्हणून चालत. आपल्या आई भवानीच्या माळेतली तीच कवडी. सेडीवर एन्क्रुमांचे चित्र होते. 1966 मध्ये लष्कराने त्यांची सत्ता उलथवली आणि 1967 च्या नव्या नोटांवरून ते चित्र गेले. महागाईने सेडी पुढे इतकी घसरली की 2007 मध्ये दहा हजार जुन्या सेडींची एक नवी सेडी करावी लागली. त्या नव्या नोटांवर स्वातंत्र्याच्या सहा पुढाऱ्यांत एन्क्रुमा पुन्हा आले.

जमवायचे असेल तर

घरात मुलांना ही हौस असेल तर जरूर करू द्या. भूगोल आणि इतिहास आपोआप शिकतील. एवढे मात्र पाळा :

- सुरुवात स्वस्त, साध्या नोटांपासून करा. पीककर्जाचा किंवा बियाण्याचा पैसा यात घालू नका.
- नोट हातात घेऊन, उजेडासमोर धरून पाहा. नुसत्या फोटोवर पैसे पाठवू नका.
- ‘बँकेत लाखो मिळतील’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.
- नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. ओल आणि कसर यांपासून जपा. माहिती लिहायची ती पाकिटावर, पेन्सिलीने.

तो तरुण परवा पुन्हा आला होता. माझ्या दोन्ही नोटा त्याने हातात घेऊन पाहिल्या. नमुना लगेच खाली ठेवला, पण झिजलेली नोट बराच वेळ हातात धरून बसला. म्हणाला, “साहेब, ही कुणा कोकोवाल्याच्या खिशात राहिली असेल.”

असेलही. मी दोन्ही एकाच पाकिटात ठेवल्या आहेत. कधी कार्यालयात आलात, तर जरूर दाखवीन.