भाताखालचे पाणी

शिजलेल्या भाताला बंगाली माणूसही भातच म्हणतो. शेतातल्या पिकाला मात्र तो धान म्हणतो. आपण शेतात आणि ताटात एकच शब्द ठेवला आहे. कविता लिहिणारा माणूस अशा शब्दांत रमतो, पण आज बोलायचे आहे ते भाताखालच्या पाण्याविषयी.

खाचरात पाणी तुंबले की मातीला हवा मिळत नाही. मग हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव कुजणाऱ्या धसकटांपासून मिथेन वायू तयार करतात. भाताच्या रोपात मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. त्याच वाटेने हा मिथेन वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो.

आता भारत आणि बांगलादेश शेजारी ठेवून पाहू. १९४७ साली आखलेल्या रेषेच्या दोन्ही अंगांना तोच गाळ आणि तेच धान. हिवाळ्यात पंपाच्या पाण्यावर घेतलेल्या पिकाला दोन्हीकडे ‘बोरो’च म्हणतात. तरी हिशेब दोन. भारतात भाताखाली साडेचार कोटी हेक्टरांहून अधिक जमीन. बांगलादेशात, वर्षाची सगळी पिके मोजून, साधारण १.१५ कोटी. एकूण वायूच्या बेरजेत भारत मोठा दिसणारच. पण लोकसंख्येने भागून पाहा. बांगलादेशात माणशी भातक्षेत्र आपल्या जवळजवळ दुप्पट येते. मोठा कोण, हे कशाने भागले यावर ठरते आणि भागणारा बहुधा आपल्या सोयीचा आकडा घेतो!

शिवाय ताट कोणाचे? बांगलादेशाचा तांदूळ जवळपास सगळा घरीच शिजतो. भारताने २०२२ मध्ये सुमारे २ कोटी टन तांदूळ बाहेर पाठवला. त्याचा मिथेन मात्र आपल्याच वहीत लिहिला जातो. खाणाऱ्याच्या नावे तो मांडायची पद्धत नाही. मला हे न्यायाचे वाटत नाही.

उपाय साधा आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो आशियाभर पोहोचवला. भोके पाडलेली एक नळी खाचरात रोवायची. आतले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की मगच पुन्हा पाणी द्यायचे. पीक फुलोऱ्यात असताना मात्र पाणी ठेवायचे. एवढ्याने मिथेन साधारण निम्म्यावर येतो आणि उत्पन्न फारसे घटत नाही. माती वाळताना नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, पण एकूण हिशेब फायद्याचाच राहतो.

मग शेतकरी हे का करत नाही? बांगलादेशात बऱ्याच ठिकाणी पंपवाला पाण्याचे पैसे हंगामाला, क्षेत्रावर ठरवून घेतो. कुठे पिकाचा चौथा हिस्सा घेतो. शेतकऱ्याने पाणी कमी घेतले तरी त्याचे देणे तेवढेच. वाचलेले डिझेल किंवा वीज पंपवाल्याची. आपल्या पंजाबात शेतीपंपाची वीज फुकट आहे, म्हणून तिथेही पंप बंद करणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. नळीला खर्च नगण्य, बांबूचीही चालते. पण ती रोवून रोज बांधावर जाऊन पाणी बघायचे ते त्याने, आणि पैसा वाचायचा दुसऱ्याचा.