न दिसणारे रबर

मे महिना सरत आला, आभाळ भरून येऊ लागले की अम्मी मला दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "गाडीच्या चाकावरती आत बघितलंस का रे?" अम्मीने आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही, पाना हातात धरलेला नाही. पण हा प्रश्न तिने आपल्या भावाकडून, म्हणजे माझ्या मामूंकडून उचललेला आहे. त्यामागे एक हकिकत आहे. ती माझ्याच चुकीची आहे, म्हणून सांगायला आता हरकत नाही.

आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्या घरचीही चूल अनेक वर्षे आखातातल्या कमाईवर पेटली. मामू शारजाच्या 'सनाया'त, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत, एका गॅरेजमध्ये उस्ताद होते. त्यांनी मलाही व्हिसा काढून बोलावून घेतले. शारजात जुन्या मोटारींचे संग्रहालयच आहे, यावरून तिकडच्या लोकांना अशा गाड्यांची किती हौस आहे हे कळावे. आमच्या गॅरेजात जुन्या अमेरिकन गाड्या पुन्हा नव्यासारख्या करण्याचे काम चाले.

त्या वर्षी आमच्याकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग आली होती. ही गाडी पहिल्यांदा १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. आमच्याकडे आलेली गाडी मालकाच्या वडिलांची. वडील अल्लाहला प्यारे झाले, गाडी कित्येक वर्षे अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. मालक म्हणाले, "बाबा चालवायचे तशी करून द्या." बस्स, एवढेच.

इंजिन झाले, ब्रेक झाले, रंग झाला. गर्द हिरवा रंग असा उतरला होता की रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. राहिली होती चाकांच्या आतली चार रबरे.

ही रबरे कशासाठी असतात?

वाचकांपैकी पुष्कळांनी हा भाग पाहिलाही नसेल, म्हणून आधी तो समजावून सांगतो. गाडी ओल्या रस्त्यावरून धावते तेव्हा चाक पाणी, चिखल आणि खडी जोराने वर फेकते. बाहेरून मडगार्ड दिसते, पण त्याच्या आत पोकळी असते. या मस्टँगमध्ये पुढच्या प्रत्येक चाकाच्या पोकळीत दोन पत्रे आडवे बसवलेले असतात. एक चाकाच्या पुढे, दिव्याच्या मागच्या बाजूला, आणि दुसरा चाकाच्या मागे, दाराच्या बिजागऱ्यांच्या अलीकडे. दोन्ही बाजू मिळून चार पत्रे झाले.

पण पत्रा पत्र्याला तंतोतंत टेकत नाही. टेकवला तर खडखडतो आणि रंग घासून काढतो. म्हणून प्रत्येक पत्र्याच्या कडेला रबराची पट्टी असते. ती जाड तारेच्या पिनांनी पत्र्यावर टाचलेली असते आणि तिची मोकळी कड मडगार्डाला आतून दाबून बसते. पाणी अडवायचे काम पत्रा करतो, पण फट बुजवायचे काम ते रबरच करते.

रबराचे शत्रू पुष्कळ. ऊन, इंजिनाची उष्णता, तेलाचे शिंतोडे आणि हवेतला ओझोन. काही वर्षांत ते कडक होते, मग तडकते, मग तुकडे पडतात. त्यानंतर चिखल आत शिरतो आणि मागच्या पत्र्याच्या पलीकडे, बिजागऱ्यांच्या खांबापाशी साचतो. ओला चिखल महिनोन्‌महिने तिथे बसून राहतो आणि मडगार्डाचा खालचा कोपरा आतून खातो. बाहेर रंगाला बारीक फुगा येतो तेव्हा आतले काम केव्हाच तमाम झालेले असते. शारजात पाऊस थोडा, पण हवेत समुद्राचे खारे दमट वारे आणि पहाटेचे दव. लोखंडाला तेवढे पुरते.

माझी घाई

मामूंच्या मोठ्या मुलीचा निकाह ठरला होता. गाडी मालकाच्या ताब्यात दिली की तीन आठवड्यांची रजा, असे गॅरेजच्या मालकांशी ठरले होते. तिकीट काढून झाले होते. मला वाटे, मामू एक दिवससुद्धा उशिरा पोचू नयेत. या गाडीचा रबरांचा संच अमेरिकेतून मागवायचा होता आणि तो यायला वेळ लागणार होता.

मी मामूंना म्हणालो, "डावी बाजू माझ्याकडे सोडा, मी बघतो." ट्रकची जुनी ट्यूब कापली, पत्रा न काढता आहे तिथेच दोन-चार पॉप रिव्हेटांनी ठोकून दिली. त्याआधी डाव्या मडगार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर आलेला फुगा मी घासून, पुट्टी भरून, रंगाखाली गाडून टाकला होता. तेही कुणाला सांगितले नव्हते. आत कोण बघणार आहे?

मामूंनी बघितले. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पाण्याची नळी चाकाच्या आत धरायला सांगितली आणि स्वतः दार उघडून बिजागऱ्यांच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला. उजव्या बाजूला त्यांनी स्वतः, मागवलेला संच येईपर्यंत, पत्रा काढून तात्पुरती पट्टी नीट टाचली होती. तिथे सारे कोरडे. डाव्या बाजूने लाल, मातकट पाणी खाली टपकू लागले.

ते काही बोलले नाहीत. खिशातून लोहचुंबक काढले, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळले आणि मडगार्डाच्या कोपऱ्याला लावले. चुंबक चिकटले नाही, घसरून खाली आले. पत्रा असता तर चिकटले असते. पुट्टीला चुंबक चिकटत नाही.

"चाक काढ," एवढेच म्हणाले.

पत्रा उतरवला तर मागे ओंजळभर चिखल तसाच बसलेला. मडगार्डाच्या कोपऱ्यातून माझे बोट आरपार गेले. मी म्हणालो, "मामू, तुम्हांला वेळेवर पोचता यावं म्हणून केलं." ते म्हणाले, "बेटा, मला माहीत आहे. पण या माणसाने आपल्याला गाडी दिली नाही, बापाची आठवण दिली आहे. त्याच्या अमानतीतून माझ्या मुलीच्या लग्नाची घाई कशी वसूल करायची?"

त्यांनी मालकांना बोलावले आणि सडलेला कोपरा दाखवला. कुणी केले ते सांगितले नाही, "आमच्या हातून झालं" असे म्हणाले. मालक बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं." मामू म्हणाले, "पहिल्या पावसात कळलं असतं."

मडगार्ड उतरवले. सडका पत्रा कापून नवा जोडला, आतून-बाहेरून प्रायमर, पुन्हा रंग. रबरांचा संच आला आणि चारही पत्रे नव्याने झाले. तिकीट बदलावे लागले, त्याचा भुर्दंड मामूंनी सोसला. माझ्या पगारातून कापा म्हणालो तर ऐकले नाही. तीन आठवडे आधी पोचायचे ते निकाहच्या दोन दिवस आधी घरी पोचले. मंडपापासून देगीपर्यंतची सारी धावपळ अम्मीने आणि मामींनी निभावली. अम्मी मला कधी रागावली नाही. फक्त दरवर्षी तो प्रश्न विचारते.

काम कसे करावे

त्या दिवसांत मामूंनी मला जे शिकवले ते इथे देतो. जुनी गाडी कोणतीही असो, रीत हीच.

आधी फोटो काढा. कोणता पत्रा डावा, कोणता उजवा, रबर पत्र्याच्या कोणत्या अंगाला आहे, त्याची कड कोणत्या दिशेला वळली आहे, हे नंतर आठवत नाही. बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, नाहीतर डोके तुटून हातात येते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

जुने रबर फाटके असले तरी नवे बसेपर्यंत फेकू नका. नमुना तोच आहे. जुन्या पिनांचे पाय मागून सरळ करून त्या ओढून काढा, खेचाखेच केली तर भोके मोठी होतात. पत्रा गंजमुक्त करा, प्रायमर आणि रंग लावा, भोकांच्या कडाही सोडू नका. गंज तिथूनच सुरू होतो.

नवे रबर घडी घालून आलेले असेल तर तासभर उन्हात सपाट पसरून ठेवा. रबर निवडताना ओझोन आणि हवामान सोसणारे घ्या. ईपीडीएम या कामाला चांगले, पण त्याला तेल आणि पेट्रोल लागू देऊ नका. जिथे तेल उडते तिथे निओप्रीन बरे. पिना मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा. वळणावर रबर ताणू नका. ताणलेले रबर नंतर आखडते आणि टोकाला फट पडते.

पत्रा बसवताना सगळे बोल्ट आधी सैल लावा. रबराच्या कडेला साबणाचे पाणी लावा म्हणजे ती दुमडत नाही, सरकून जागेवर बसते. मग बोल्ट आवळा. रबर खरोखर टेकते की नाही हे पाहायचे असेल तर बसवण्याआधी त्याच्या कडेला खडू चोळा. पत्रा बसवून पुन्हा काढला की मडगार्डाच्या आत खडूची रेघ उमटलेली दिसते. जिथे रेघ तुटली तिथे फट आहे.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सिलिकॉन भरून सगळे बंद करू नका. खाली पाणी निघून जायची जी वाट आहे ती मोकळी राहिली पाहिजे. थोडे पाणी आत जाणारच, ते बाहेरही आले पाहिजे. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून चाक रबराला घासत नाही ना ते पाहा आणि नळीने पाण्याची परीक्षा घ्या. एकाने नळी धरावी, दुसऱ्याने बॅटरी.

आपल्या घरची गाडी

आजच्या गाड्यांत रबर टाचलेल्या पत्र्यांऐवजी चाकावर प्लास्टिकचे अस्तर असते. काम तेच. ते प्लास्टिकच्या बटणांनी बसवलेले असते. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली, खड्ड्यात आपटली की दोन-चार बटणे गळून पडतात आणि अस्तर लोंबू लागते. मृगाच्या आधी एकदा वाकून बघा. बटणे स्वस्तात मिळतात. आत साचलेला पालापाचोळा आणि माती काढा. मुलांना घेऊन समुद्रकिनारी गेला असाल तर घरी आल्यावर चाकांच्या आत गोड्या पाण्याची नळी मारा.

मी आता गावाकडे स्वतःचे छोटे गॅरेज चालवतो. मामू परतले आहेत. गुडघे दुखतात, त्यामुळे ते वाकत नाहीत, खुर्ची टाकून बसतात. नवा पोरगा एखादे मडगार्ड रंगवून चकाचक करून दाखवतो तेव्हा ते रंगाकडे बघतच नाहीत. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक अजून त्यांच्या खिशात असते.