घरची गाडी, वेगाची हौस आणि मागच्या आसनावरची ज्येष्ठ मंडळी

मध्यमवर्गीय कुटुंबात मोटारगाडी ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळी तीच गाडी मुलाला कार्यालयात पोहोचवते, सुट्टीच्या दिवशी तीच गावी नेते आणि मधल्या वारी घरातील वडीलधाऱ्यांना दवाखान्यात, बँकेत, देवळात किंवा नात्यातल्या लग्नकार्याला घेऊन जाते. घरात डायलिसिसवर असलेले कोणी असेल, तर आठवड्याच्या दोन-तीन फेऱ्या ठरलेल्याच असतात. अशा रोजच्या वापराच्या गाडीत कारखान्याबाहेर काही बदल करून घेण्याची हौस अनेक तरुणांना असते. गाडी जमिनीलगत बसवणे, कडक स्प्रिंग घालणे, मोठी अलॉय चाके आणि त्यांवर बसके टायर चढवणे, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर लावणे, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवणे, असे या बदलांचे अनेक प्रकार आहेत. बोलीभाषेत या सर्वांना ‘गाडी मॉडिफाय करणे’ असे म्हणतात.

या बदलांनी गाडी किती वेगवान होते, याची चर्चा गॅरेजमध्ये भरपूर होते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा आहे. त्या गाडीत नित्य बसणाऱ्या सर्वांत नाजूक शरीराला हा बदल मानवेल काय? या लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

धक्के आणि पाठीचा कणा

गाडीचे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर रस्त्याचा धक्का स्वतःवर घेतात व प्रवाशापर्यंत तो सौम्य करून पोहोचवतात. सर्वसाधारण प्रवासी गाडी खड्ड्यावरून गेल्यावर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. हा वेग शरीराला सोसवतो. बसलेल्या माणसाचा कणा मात्र सेकंदाला सुमारे ४ ते ८ कंपने या टप्प्यात विशेष संवेदनशील असतो. या टप्प्यातील हादरे शरीरात शिरल्यावर कमी होण्याऐवजी वाढतात. स्प्रिंग कडक केले, की नेमके असे जलद व टोकदार हादरे आसनापर्यंत अधिक प्रमाणात पोहोचू लागतात.

टायरचेही तसेच आहे. १६५/८० आर १४ या मापाच्या टायरची बाजूची भिंत सुमारे १३२ मिलिमीटर उंच असते. त्याऐवजी २०५/४५ आर १७ हा टायर बसवला, तर चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते. पण ती भिंत केवळ ९२ मिलिमीटर उरते. हवेने भरलेली ४० मिलिमीटरची गादी गेली. दिसायला चाक भरदार दिसते. खड्ड्याचा आघात मात्र थेट आत येतो.

तरुण शरीर हे सहज पचवते. साठीनंतर, विशेषतः रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्ये, हाडांची घनता कमी झालेली असते. अस्थिविरलता झालेला मणका पडल्याशिवायही, केवळ एका जोरदार आदळण्याने दबू शकतो. गतिरोधकावर गाडी उडाली आणि त्या क्षणापासून पाठीत कळ सुरू झाली, असे सांगणाऱ्या ज्येष्ठ स्त्रीचा एक्स-रे काढणे आवश्यक असते. ‘जरा उसण भरली’ म्हणून मलम चोळत बसू नये. पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चढणे आणि उतरणे

गाडी दोन इंच खाली बसवली, की आसनही तेवढेच खाली जाते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या माणसाला खुर्ची जितकी बुटकी, तितके तिच्यातून उठणे कठीण; गाडीचे आसनही त्याला अपवाद नाही. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना पहिले काही आठवडे मांडी व धड यांतील कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये, अशी सूचना अनेकदा दिलेली असते. खाली बसवलेल्या गाडीत ती पाळणे जवळजवळ अशक्य होते. शर्यतीच्या गाडीसारखी खोलगट, उंच कडांची आसने बसवली असतील, तर कडेवरून पाय ओलांडताना तोल जाण्याचा धोका आणखी वाढतो. पार्किन्सन्सचा रुग्ण किंवा अर्धांगवायूतून सावरणारा माणूस यांच्यासाठी तर अशी गाडी बंद दारासारखीच असते.

आवाज

आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने झालेली ‘थोडीशी’ वाढ कानाच्या लेखी थोडीशी नसते.

वृद्धापकाळी प्रथम उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. त्यात इंजिनाची अखंड घरघर मिसळली, की उरलेले शब्दही बुडतात. कानाला यंत्र असेल, तर ते गोंगाटही वाढवते. परिणामी आजोबा गाडीत गप्प होतात आणि घरच्यांना वाटते, की त्यांचे लक्ष नाही. पहाटे अंगणात सुरू केलेल्या अशा गाडीने घरातल्याच काय, शेजारच्या हृदयरुग्णाचीही झोप मोडते, याचेही भान असावे.

धूर

इंजिनातून निघणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे तुलनेने निरुपद्रवी वायूत रूपांतर करण्यासाठी गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. आवाज आणि ताकद वाढावी म्हणून काही जण तो काढून टाकतात. हे बेकायदेशीर तर आहेच. शिवाय धुराच्या नळीचे सांधे नीट बसले नाहीत, तर तो वायू डिकीच्या व तळाच्या फटींतून आत येऊ शकतो. गाडी उभी ठेवून, एसी चालू करून कोणी आत बसले असेल, तर धोका अधिक.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. निरोगी माणसाला ज्या प्रमाणात केवळ डोके जड वाटेल, त्याच प्रमाणात हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत दुखू लागू शकते. गाडीत बसल्यावर एकाहून अधिक जणांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवली, तर गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात न्यावे. घरी असलेल्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. ते यंत्र हा वायू आणि ऑक्सिजन यांत भेद करू शकत नाही आणि आकडा चांगला दाखवते.

काचा आणि दिवे

साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळट होते. त्यामुळे नातवाला जी काच ‘जराशी गडद’ वाटते, तिच्यातून संध्याकाळी आजोबांना रस्ता दिसतच नाही. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे, असा नियम आहे. तो पोलिसांच्या भीतीने नव्हे, डोळ्यांच्या काळजीने पाळावा.

दिव्यांबाबतही तेच. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात बाहेरून आणलेला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवला, की किरण योग्य जागी न पडता विखुरतात. समोरून येणाऱ्या, मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर क्षणभर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. तो माणसू कोणाचा तरी पिताच असतो.

ताकद वाढवताना

गाडीचे इंजिन, ब्रेक, टायर आणि स्प्रिंग एकमेकांचा विचार करून घडवलेले असतात. त्यांपैकी एकाचीच ताकद वाढवली, तर इतरांवर ताण येतो. वेग वाढला आणि ब्रेक जुनेच राहिले, तर काय होईल हे सांगण्यास अभियंता नको. प्रवाशाच्या अंगाने पाहता, गाडी झटक्याने पुढे जाऊ लागली, की मानेच्या मणक्यांची झीज झालेल्यांची मान दुखते आणि चक्कर येण्याची प्रवृत्ती असलेल्यांना मळमळते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना दारावर किरकोळ आपटल्यानेही मोठे काळेनिळे वळ उठतात.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या व नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी गाडीच्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. अनेक घरांत गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते, हे विसरू नये. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

मग कोणते बदल करावेत?

गाडीवर खर्च करूच नये, असे मुळीच नाही. ज्या घरात ज्येष्ठ आहेत, तेथे पुढील गोष्टींवर केलेला खर्च सार्थकी लागतो.

• शॉक ॲब्सॉर्बर : झिजले असतील, तर मूळ मापाचे नवे बसवावेत. जुनी गाडी अचानक ‘बसायला बरी’ वाटू लागते.

• टायर : माप मूळचेच ठेवावे. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिल्याप्रमाणे असावा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी जुने रबर कडक होते.

• दिवे : पिवळट झालेली काच स्वच्छ करून घ्यावी आणि दिव्यांची उंची तपासून घ्यावी.

• आसन : बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील, इतपत घट्ट उशी ठेवावी. फार जाड उशीने सीट बेल्ट आणि डोक्याचा आधार यांची जागा चुकते. बाजूची एअरबॅग असलेल्या आसनावर तिचा मार्ग अडवणारे कव्हर चढवू नये.

• आधार : दाराच्या वर धरण्याची मूठ असावी. चढताना आधी पाठमोरे बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत.

• सीट बेल्ट : मागच्या आसनावरही लावावा. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जावा.

• अपंगत्व असल्यास : आरटीओच्या मान्यतेने गाडी तिच्या मालकाच्या गरजेनुसार अनुकूल करून घेण्याची सोय कायद्यातच आहे. तिचा लाभ घ्यावा.

चालवणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा आणि त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटरने जाता यावे. आपल्या गल्लीबोळांतले अनेक गतिरोधक याहून अरुंद आणि उभे असतात. मागे ज्येष्ठ बसले असतील, तर तेथे चालण्याच्या वेगाने जावे. पाठदुखी असलेल्यांना चालकाशेजारचे आसन, मागे सरकवून, बहुधा अधिक सुखाचे होते. मागचे आसन मागच्या चाकांच्या जवळ असल्याने तेथे धक्के जास्त बसतात.

न बोललेले दुखणे

माझ्याकडे येणारे एक ७७ वर्षांचे सेवानिवृत्त शिक्षक दर गुरुवारी नातवाच्या गाडीतून वाचनालयात जात. काही महिन्यांपासून त्यांनी जाणे सोडले. घरच्यांना वाटले, वयोमानाने उत्साह ओसरला. मनाची उभारी गेली काय, हे पाहावे म्हणून त्यांना दवाखान्यात आणले. एकांतात विचारल्यावर ते म्हणाले, “गाडीत बसले की कंबर मोडते. पण पोराने हौसेने पैसे घातलेत, त्याला कसे सांगू?” कण्यातील नसांची वाट अरुंद झाल्याचा त्यांचा आजार जुनाच होता, गाडीचे स्प्रिंग आणि चाके तेवढी नवी होती. नातवाला हे कळल्यावर त्याने दोन्ही मूळची बसवून घेतली. शिक्षकांची कंबर आजही दुखते, कारण कणा तोच आहे. पण गुरुवारचे वाचनालय सुरू झाले.

वृद्ध माणसाचे बाहेर पडणे थांबले, की स्नायू क्षीण होतात, भेटीगाठी सरतात आणि मन खचते. म्हणून ज्येष्ठ वाचकांना विनंती, की गाडीत त्रास होत असेल, तर तो संकोच न करता सांगावा. नातवंडांना तो बोलल्याशिवाय कळणार नाही. आणि तरुणांना सुचवावेसे वाटते, की गॅरेजमध्ये पैसे देण्यापूर्वी, तसाच बदल केलेली एखाद्या मित्राची गाडी मागून घ्यावी. स्वतः मागच्या आसनावर बसून आपल्याच रोजच्या रस्त्याने दहा किलोमीटर जावे. मग आजी किंवा आजोबांना तेवढ्याच वाटेने नेऊन आणावे आणि ते गाडीतून कसे उतरतात, ते पाहावे.