मागें पडलेला पुढें जातो काय ?

आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टींत मुलांच्या घोळक्यांतून अलीकडे एक वाद वरचेवर ऐकूं येतो. व्हिडिओ गेम खेळण्याचीं जीं यंत्रें बाजारांत येतात, त्यांपैकीं एखाद्याची विक्री आरंभीं मंद असली, तर तें यंत्र पुढें आपल्या प्रतिस्पर्ध्यांस मागें टाकूं शकतें काय ? एक पक्ष म्हणतो, मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात. पहिल्या वर्षीं जें खपलें नाहीं तें पुढेंही खपणार नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, कानामागून आली आणि तिखट झाली, असें जगांत नित्य घडतें. दोन्ही म्हणी आपल्याच भाषेंतल्या आणि दोन्ही अनुभवांतून निघालेल्या आहेत. मग त्यांतली खरी कोणती ? प्रश्न खेळण्याचा दिसला, तरी त्याचें उत्तर व्यापाराच्या आणि शिक्षणाच्या कामीं उपयोगी पडण्यासारखें आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

प्रथम मंद आरंभाचें कारण समजून घेतलें पाहिजे. हीं यंत्रें कोणी यंत्र म्हणून विकत घेत नाहीं. त्यांवर जे खेळ खेळतां येतात त्यांसाठीं घेतो. उलटपक्षीं, खेळ रचणाऱ्या कंपन्या आधीं पाहतात, कीं हें यंत्र किती घरांत पोंचलें आहे. कारण जितकीं घरें तितकीं गिऱ्हाइकें. आठवड्याच्या बाजाराची गोष्ट अशीच असते. दुकानें थोडीं म्हणून गिऱ्हाईक येत नाहीं, आणि गिऱ्हाईक येत नाहीं म्हणून नवा दुकानदार पाल ठोकीत नाहीं. एकदां हें चक्र उलट फिरूं लागलें, कीं तें आपोआप थांबत नाहीं. म्हणून आरंभीं मागें पडलेल्या यंत्रास नुसता काळ गेल्यानें यश मिळत नाहीं. चक्राची दिशा फिरविण्यास कोणी तरी हात घालावा लागतो.

असा हात घालणाऱ्याचें उत्तम उदाहरण पाहण्यास परदेशीं जावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म सन १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. त्यांनीं कांहीं वर्षें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाचें काम केलें. बेळगांवास त्यांनीं बंधूंच्या साह्यानें सायकलींचें दुकान चालविलें, आणि नंतर कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण ? पिढ्यान्‌पिढ्या लांकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याची अशी समजूत होती, कीं लोखंडानें जमिनींत विष भिनतें. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. त्या दोन वर्षांच्या शेवटीं कोणी विक्रीचा हिशेब मांडला असता, तर त्यानें 'हा धंदा बुडीत' असाच शेरा मारला असता.

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं जमीन व द्रव्य यांचें साह्य दिलें, आणि सन १९१० मध्यें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. ती आतां सांगली जिल्ह्यांत आहे. सन १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां विलायती मालाची आयात अडली आणि देशी मालास वाव मिळाला; मात्र कच्च्या लोखंडाची टंचाई देशी कारखान्यासही भोंवली. लोकांशीं संबंध राहावा म्हणून कारखान्यानें सन १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' नांवाचें पत्र काढलें, आणि त्यांतूनच पुढें 'किर्लोस्कर' हें मासिक महाराष्ट्राच्या घराघरांत गेलें. जो नांगर दोन वर्षें एकही गिऱ्हाईक मिळवूं शकला नव्हता, त्याचें नांव देशावरच्या शेतकऱ्याच्या तोंडीं बसलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा नांगर जिंकला तो केवळ चिकाटीनें नव्हे. देशावरच्या काळ्या जमिनींत हरळीसारखें तण खोल मुळें धरून बसतें. तें उपटण्यास खोल जाणारा लोखंडी फाळच लागतो. म्हणजे वस्तूंत सत्त्व होतें, आणि शेजाऱ्याच्या शेतांत पीक उभें राहिल्यावर तें सत्त्व डोळ्यांस दिसलें. कारखाना देशांतलाच असल्यामुळें शेतकऱ्याची तक्रार ऐकून सुधारणा करणें मालकांस शक्य होतें. उलट, आपल्या पनवेल तालुक्यांतील भातखाचरांत चिखलणीसाठीं हलका लांकडी नांगरच कित्येक पिढ्या सोयीचा वाटला. तेव्हां एखादी वस्तु खपत नाहीं याचा दोष दर वेळीं गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर ढकलणें बरोबर नव्हे. कित्येकदां जमीनच निराळी असते.

आतां मुलांच्या आवडत्या यंत्रांकडे वळूं. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें फेब्रुवारी २०११ मध्यें 'थ्री-डीएस' नांवाचें हातांत धरून खेळण्याचें यंत्र पंचवीस हजार येन किंमतीस विक्रीस आणलें. किंमत जबर, आणि खेळ थोडे. विक्री लवकरच मंदावली. तेव्हां सहा महिने पुरे होण्यापूर्वींच, ऑगस्टमध्यें, कंपनीनें ती किंमत पंधरा हजार येनांवर आणली. ज्यांनीं आधींच जास्त पैसे मोजले होते, त्यांना वीस जुने खेळ फुकट दिले. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनीं आपल्या वेतनांतील निम्मा भाग कांहीं काळ सोडून दिला. वर्ष संपण्यापूर्वीं मारिओचे दोन नवे खेळ आले आणि चक्र सुलट फिरलें. अखेरपर्यंत हें यंत्र साडेसात कोटींहून अधिक खपलें, आणि त्याच वर्षाच्या शेवटीं आलेला सोनी कंपनीचा 'व्हिटा' हा प्रतिस्पर्धी फार मागें राहिला.

दुसरें उदाहरण सोनीच्याच 'प्लेस्टेशन ३' चें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें 'एक्सबॉक्स ३६०' हें यंत्र नोव्हेंबर २००५ मध्यें बाजारांत आलें. प्लेस्टेशन ३ त्याच्या मागून एक वर्षानें, नोव्हेंबर २००६ मध्यें आलें. अमेरिकेंत त्याच्या दोन प्रकारांची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. आंतील यंत्रणा इतकी गुंतागुंतीची होती, कीं खेळ रचणारेही आरंभीं कुरकुरत. उशीर, महागाई आणि खेळांची वाण, अशीं तिन्ही संकटें एकदम आलीं. कंपनीनें किंमत टप्प्याटप्प्यानें उतरविली, सन २००९ मध्यें सडपातळ बांध्याचें नवें यंत्र २९९ डॉलरांस दिलें, आणि चांगले खेळ पदरीं पाडले. प्रतिस्पर्ध्याचीही एक अडचण निघाली. यंत्रें बंद पडत असल्याच्या तक्रारी वाढल्या, म्हणून मायक्रोसॉफ्टला सन २००७ मध्यें हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस ठेवावी लागली. जाहीर झालेल्या आंकड्यांप्रमाणें एक्सबॉक्स ३६० चा खप सन २०१४ पर्यंत सुमारें आठ कोटी चाळीस लाख भरला. प्लेस्टेशन ३ चा एकूण खप आठ कोटी सत्तर लाखांच्या पुढें गेला. अंतर थोडें आहे, पण मागून निघालेला शेवटीं बरोबरीस आला व किंचित् पुढेंही दिसतो. तथापि त्याच सुमारास निघालेलें निन्टेंडोचें 'वी' हें यंत्र दहा कोटींहून अधिक खपलें व या दोघांच्याही पुढें राहिलें. म्हणजे 'पुढें गेला' असें म्हणतांना 'कोणाच्या ?' हें विचारणें अवश्य आहे.

तिसरें उदाहरण याच्या उलट आहे. निन्टेंडोनें नोव्हेंबर २०१२ मध्यें 'वी यू' हें यंत्र काढलें. हें नवें यंत्र आहे कीं जुन्या 'वी' चें एखादें उपांग आहे, हेंच पुष्कळांस उमजलें नाहीं. बाहेरच्या कंपन्यांनीं हळूहळू त्यासाठीं खेळ रचणें सोडलें. किंमतही उतरवून पाहिली. पण चक्र फिरलें नाहीं. सुमारें एक कोटी पस्तीस लाख यंत्रें विकून तें बंद झालें. परंतु त्याच कंपनीनें मार्च २०१७ मध्यें 'स्विच' हें नवें यंत्र आणलें, वी यूसाठीं रचलेले कांहीं उत्तम खेळ त्यावर पुनः सादर केले, आणि सन २०२५ पर्यंत स्विचचा खप पंधरा कोटींच्या पुढें गेला. यंत्र हरलें, पण त्यासाठीं केलेले सर्व श्रम वायां गेले नाहींत.

या चारही उदाहरणांवरून उत्तर स्पष्ट होतें. मागें पडलेला पुढें जाऊं शकतो. पण तीन गोष्टी जुळल्या तरच. पहिली, वस्तूंत मूळचें सत्त्व असावें आणि तें लोकांस समजावें. दुसरी, तें लोकांच्या हातीं पोंचण्यास जी अडचण असेल, मग ती किंमत असो, समजूत असो, किंवा खेळांची वाण असो, ती नेमकी ओळखून दूर करावी. तिसरी, हें सर्व घडेपर्यंत टिकून राहण्यापुरतें बळ पाठीशीं असावें. लक्ष्मणरावांस औंधकरांचा आधार मिळाला. मोठ्या कंपन्यांस पूर्वीची कमाई उपयोगी पडली. ज्यांस असा आधार मिळाला नाहीं, असे कित्येक चांगले कारागीर पहिल्या दोन वर्षांतच बुडाले असतील. त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, म्हणून ते झालेच नाहींत असें मानूं नये.

शुभवर्तमानांत अंजिराच्या झाडाचा एक दृष्टांत आहे. तीन वर्षें फळ आलें नाहीं म्हणून मालक तें झाड तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसतें वर्ष मागत नाहीं. झाडाभोंवतीं खणावयाचें आणि खत घालावयाचें तो कबूल करितो. वाट पाहणें आणि खणणें हीं दोन्ही एकत्र आलीं, तरच त्या वाट पाहण्यास अर्थ आहे.

आमच्या पालकबंधुभगिनींनीं हें विशेष मनावर घ्यावें, अशी विनंति आहे. पहिल्या चांचणीचे गुण पाहून 'हा पुढें काय करणार !' असा निकाल देणें, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खपावरून नांगर मोडींत घालण्यासारखें आहे. तसेंच, 'होईल हळूहळू' एवढेंच म्हणून स्वस्थ बसणें, हेंही माळ्याचें काम नव्हे. मूल कोठें अडलें आहे हें पाहावें. भाषा कळत नाहीं, पाढे कच्चे आहेत, फळ्यावरचें दिसत नाहीं, कीं मनांत भीति बसली आहे? अडचण ओळखली म्हणजे उपाय निम्मा झाला. आणि एक भेद कधीं विसरूं नये. यंत्र खपलें नाहीं तर कारखानदार तें बंद करून दुसरें काढतो. मुलाच्या बाबतींत ती सोय नाहीं, व नसावी हेंच योग्य.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं जे आज वर्गांत मागें असतील, त्यांनीं किर्लोस्करांचीं तीं दोन वर्षें आठवावीं. पण त्या दोन वर्षांत ते हात जोडून बसले नव्हते, हेंही आठवावें. जे आज पुढें आहेत, त्यांनीं एवढें समजून असावें कीं मागून येणाऱ्याचीं पावलें नेहमींच ऐकूं येतात असें नाहीं. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. पाळण्यांत जे पाय दिसतात ते खरेच असतात. पण त्या पायांनीं किती चालावयाचें, हें पाळण्यांत ठरत नाहीं.